रोजमेळात लपलेलं महायुद्ध : नाशिकमध्ये बसून ते कसं शोधायचं

मोठं युद्ध देशाच्या अर्थकारणाचं आणि कामगारांचं काय करतं, हे राष्ट्रीय आकड्यांत वाचलं की डोक्यावरून जातं. तेच एका दुकानाच्या चोपडीत, एका भाडेपावतीत, एका भोकाच्या पैशात पाहिलं की कळतं. नाशिक त्यासाठी फार सोयीचं गाव आहे. नोटांचा छापखाना नाशिकरोडला, लष्कराची छावणी शेजारच्या देवळाली स्टेशनावर, रेल्वेची वस्ती इगतपुरीत आणि मनमाडला, सराफ बाजार गोदेच्या काठाला, कांदा लासलगावात. दुसऱ्या महायुद्धाचा प्रत्येक धागा इथे कुठे ना कुठे अडकलेला आहे. खालची रीत कॉलेजच्या प्रकल्पाला चालेल आणि घरातली जुनी ट्रंक उघडून बसलेल्या माणसालाही.

लागणारं सामान थोडंच : सराफी खिशातला तराजू (०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा), फोनचा कॅमेरा, रुंद रकान्यांची वही आणि मोडी वाचणारं कुणीतरी. शेवटचं सामान मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून त्याची सोय आधी लावा.

आधी नाणी

कागदपत्रांआधी नाण्यांपासून सुरुवात करा. नाणं खोटं बोलत नाही, आणि सरकारला धातूची किती चणचण होती हे ते ग्रॅममध्ये सांगतं.

देवघरातल्या डब्यात दोन प्रकारचे तांब्याचे पैसे सापडतील. १९४२ पर्यंतचा पैसा (पाव आणा) भरीव असतो, साधारण ४.८ ग्रॅमचा. १९४३ पासूनचा मधे मोठं भोक असलेला, जेमतेम २ ग्रॅमचा. किंमत तीच, धातू निम्म्याहून कमी. तांबं काडतुसांकडे आणि दारूगोळ्याकडे वळलं होतं आणि बाजारात सुट्या पैशांची बोंब होती. त्या दोन्ही गोष्टी या भोकात आहेत. दहा-दहा पैसे एकत्र तोला आणि सरासरी काढा. एकच पैसा तोललात तर झीज फसवते.

रुपयाची गंमत वेगळी. जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा; म्हणूनच ‘रुपयाभार’ हे सराफाचं माप झालं. १९४० मध्ये चांदीचं प्रमाण बारा भागांपैकी अकरावरून थेट निम्म्यावर आणलं, वजन मात्र तेच ठेवलं. आधीच्या रुपयात १०.६९ ग्रॅम चांदी, नंतरच्यात ५.८३. तराजूवर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे फरक पाण्यात बघावा लागतो.

त्याची कृती अशी. तराजूवर काचेचा छोटा पेला पाण्यासकट ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं हातात धरा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. जुन्या रुपयाला तो १.१३ ग्रॅमच्या आसपास येतो, निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. फरक जेमतेम ०.०९ ग्रॅमचा, म्हणून नाण्याला चिकटलेला एक बुडबुडाही निकाल उलटा करतो. आधी नाणं ओलं करून बोटाने पुसा, तीनदा मोजा. हात थरथरत असेल तर दोरा तराजूबाहेर ठेवलेल्या पट्टीला बांधा.

दोन सूचना. नाणी चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. पृष्ठभाग गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत गेली. आणि १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया कुणी ‘घरातलाच आहे’ म्हणून दाखवला तर आधी संशय घ्या. तो दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याची नक्कल उदंड आहे. शंका असली तर त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, तिथे नाणी पाहण्याची नजर तयार होते.

मग नोट, कारण इथेच खरी गोम आहे

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला आणि लोकांनी चांदीचे रुपये दडवायला सुरुवात केली. सरकारने त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर साल १९३५ छापलेलं असतं, त्यामुळे बरेच जण ती युद्धाआधीची समजतात. ती चूक करू नका. १९४३ मध्ये दोन रुपयांची नोट आली. नाशिकरोडचा छापखाना १९२५ चा, नोटा तिथे १९२८ पासून छापल्या जात होत्या. युद्धाने त्या यंत्रांना उसंत दिली नाही.

पण नोटा एवढ्या का छापल्या, हे समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. नोव्हेंबर १९३९ मध्ये लंडन आणि दिल्ली यांच्यात खर्चाचा करार झाला. भारताच्या नेहमीच्या संरक्षणाचा खर्च भारताने करायचा, त्यापलीकडच्या साम्राज्याच्या लढाईचा ब्रिटनने. मात्र ब्रिटन रोख देत नव्हतं. भारत सरकार इथे रुपयांत खरेदी करायचं, ब्रिटन तेवढे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर लिहून ठेवायचं, आणि त्या लिहिलेल्या पौंडांच्या जोरावर रिझर्व्ह बँक इथे नव्या नोटा काढायची.

हे देवळालीच्या मापात बसवून बघा. ब्रिटनच्या खात्यावरच्या एखाद्या पलटणीला शंभर रुपयांची भाजी, अंडी, दूध लागलं. माल नाशिक तालुक्यातून गेला आणि खाऊन संपला. मोबदल्यात एका स्टेशनापलीकडे छापलेल्या शंभर रुपयांच्या नोटा बाजारात आल्या. साडेसात पौंड (रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै) लंडनच्या वहीत जमा झाले. बाजारात माल शंभराने कमी, पैसा शंभराने जास्त. भाव चढणार नाही तर काय होईल?

हेच देशभर सहा वर्षं चाललं. चलनातल्या नोटा १९३९ मध्ये १८० कोटी रुपयांच्या आसपास होत्या, युद्ध संपताना १,१०० कोटींच्या पुढे गेल्या. लंडनमधली जमा १३० कोटी पौंडांच्या घरात पोचली, रुपयांत सतराशे कोटींवर. युद्धाआधी भारत ब्रिटनचं देणं लागत होता, युद्धानंतर ब्रिटन भारताचं. कागदावर हा मोठा विजय दिसतो. त्याची किंमत मात्र ज्यांच्याकडे विकायला माल नव्हता, फक्त रोजंदारी होती, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन आधीच भरली होती. या काळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपले चिंतामणराव देशमुख. नोटेवरची सही बघून नोटेचा काळ ठरवायला हे लक्षात ठेवा.

चोपडी वाचताना

आता दुकानाची किंवा घरातली हिशेबाची वही. रोजमेळ मिळाला तर उत्तम, कारण त्यात तारखेवार रोख व्यवहार असतो. नुसती खतावणी असेल तर माणसांची नावं मिळतात, भाव मिळत नाहीत.

पहिलं काम सालाचं. मराठी वहीत शक असेल : शके १८६१ म्हणजे १९३९ चा पाडवा. चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. मारवाडी-गुजराती पेढीची वही दिवाळीच्या पाडव्याला सुरू होते आणि विक्रम संवत लावते. तिथे डिसेंबरपर्यंत ५७ वजा, जानेवारीनंतर ५६. इथे एका वर्षाची चूक झाली तर १९४२ चा भाव १९४३ मध्ये जाऊन बसतो, आणि नेमक्या याच दोन वर्षांत भाव सगळ्यात वेगाने पळाले.

दुसरं काम आण्यांचं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. वहीत रुपयांच्या आकड्यापुढची प्रत्येक उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे; त्यापुढच्या छोट्या आडव्या रेघा म्हणजे एकेक आणा. २॥= हे दोन रुपये दहा आणे. सगळं आधी पैंमध्ये करून घ्या (रुपया = १९२ पै), मगच बेरजा-सरासरी करा. आणे दशांशात टाकून ‘२ रुपये १० आणे म्हणजे २.१०’ असं लिहिणारे दर वर्षी भेटतात. ते २.६२५ आहे.

तिसरं काम मापाचं, आणि इथे बहुतेक अभ्यास कोसळतात. रेल्वेचा आणि सरकारी मण ४० शेरांचा, ३७.३२ किलोचा. पण धान्य मापाने विकलं जायचं : पायली, अधोली, शेर. पायलीत किती धान्य बसतं ते धान्यावर अवलंबून आणि मण किती पायल्यांचा ते गावावर. त्यामुळे पायलीचं किलोत रूपांतर करायच्या भानगडीत पडू नका. एकाच वहीतला, एकाच मालाचा, एकाच मापाचा भाव घ्या आणि १९३९ चा भाव १०० धरून पुढचे मांडा. प्रमाण खरं निघतं, माप कुठलं का असेना.

जिन्नस पाचच निवडा : बाजरी किंवा ज्वारी, तूरडाळ, गूळ, रॉकेल, धोतरजोडी. महिन्यातून एक नोंद, तीही शक्यतो एकाच पंधरवड्यातली. सुगीचा भाव आणि श्रावणातला भाव एका ओळीत ठेवाल तर युद्धाऐवजी ऋतूच मोजाल. देशाचा घाऊक भावांचा निर्देशांक (१९ ऑगस्ट १९३९ चा आठवडा = १००) युद्धाच्या शेवटी अडीचशेच्या जवळ पोचला होता. तुमचा आकडा त्याच्या फार पुढे-मागे असेल तर घाबरू नका, पण मालाची प्रत तपासा. १९४३ नंतर ‘धोतर’ या एका शब्दाखाली गिरणीचं चांगलं धोतर आणि सरकारी ‘स्टँडर्ड क्लॉथ’ अशा दोन वेगळ्या वस्तू येतात.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट : नोंद थांबणं. रॉकेल वहीतून मधेच गायब झालं तर ‘खप कमी झाला’ असं लिहू नका. १९४२ च्या सुरुवातीला ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, आणि तिथून येणारं रॉकेल आणि तांदूळ दोन्ही तुटलं. शिवाय भाव बांधून दिल्यावर वहीत बांधील भावच लिहिला जाई, वरचे पैसे हातावर. काळ्या बाजाराची नोंद रोजमेळात कुणी करत नाही. सलग आठ-दहा महिने एका पैचाही फरक नसलेला भाव दिसला की समजा, खरा भाव वहीबाहेर आहे.

पगार दुप्पट झाला, माणूस गरीब झाला : हे कसं मांडायचं

मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरण्यांत महागाई भत्त्यासाठी मोठा संप झाला. त्याच वर्षी जी.आय.पी. रेल्वेच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य रेल्वे) कामगारांच्या भत्त्यावर बेनेगल नरसिंह राव यांची चौकशी समिती बसली; हेच राव पुढे संविधान सभेचे सल्लागार झाले. इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड ही सगळी त्याच रेल्वेची ठाणी, म्हणून तिथल्या जुन्या कुटुंबांत पगाराची चिठ्ठी मिळाली तर सोडू नका.

एक गणित करून दाखवतो. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. समजा १९३९ मध्ये पगार २५ रुपये. १९४४ मध्ये मूळ पगार २८ आणि भत्ता २४, एकूण ५२. राहणीमान निर्देशांक तेव्हा १०५, आता २३०. तर ५२ गुणिले १०५, भागिले २३० : २३ रुपये १२ आणे. हातात दुपटीहून जास्त, पण १९३९ च्या भावात सव्वा रुपया कमी. हे गणित भत्त्यासकट करायचं. नुसत्या मूळ पगारावर केलं तर उपासमार निघेल, आणि भत्ता धरून निर्देशांक विसरलात तर सुबत्ता.

निर्देशांक लावताना पाया बघा. मुंबईचा कामगार निर्देशांक १९३३-३४ ला १०० धरतो, घाऊक भावाचा ऑगस्ट १९३९ ला. दोन्ही एकाच रकान्यात घातले की बेरीज बिघडलीच. मुंबई सरकारचं मासिक ‘लेबर गॅझेट’ १९२१ पासून निघत होतं, त्याचे खंड पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटसारख्या ग्रंथालयांत बघावेत. स्थानिक संदर्भांसाठी १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय आहेच.

रेल्वे कामगाराच्या बाबतीत अजून एक मेख. रेल्वेने कामगारांसाठी स्वस्त धान्याची दुकानं, ‘ग्रेनशॉप’, चालवली. ज्याला तिथून बाजरी मिळायची त्याचा खरा पगार चिठ्ठीपेक्षा जास्त होता, आणि ज्याला मिळायची नाही, म्हणजे वखारीतला हमाल किंवा शेतमजूर, त्याचा कमी. एकाच गल्लीत युद्धाचा ताळेबंद दोन वेगवेगळे येतात. सरासरी काढून हा फरक पुसू नका, हाच तर शोधाचा माल आहे.

कोण कुठे गेलं

अमेरिका-ब्रिटनची चित्रं डोक्यात ठेवून नाशिककडे पाहिलं की गल्लत होते. अमेरिकेत १९४० मध्ये बेकारी १४.६ टक्के होती, १९४४ मध्ये १.२ टक्के, फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी मोटारगाड्यांचं उत्पादनच बंद करून ते कारखाने विमानं आणि रणगाड्यांना जुंपले. ब्रिटनने डिसेंबर १९४१ मध्ये अविवाहित तरुणींनाही सक्तीच्या सेवेत घेतलं. भारतात सक्तीची लष्करभरती नव्हती. तरी सैन्य दोन लाखांच्या आसपासवरून पंचवीस लाखांवर गेलं, आणि कारखाना कायद्याखालचे कामगार साडेसतरा लाखांवरून सव्वीस लाखांच्या पुढे. देशाच्या लोकसंख्येत हे मूठभरच, त्यामुळे ‘युद्धाने बेकारी संपवली’ हे वाक्य इथे लागू करू नका. युद्धाने इथे विशिष्ट लोक हलवले : फिटर, टर्नर, मोल्डर, ड्रायव्हर, कारकून. १९४० च्या वटहुकमाने तांत्रिक कामगारांना सरकार सांगेल त्या कारखान्यात धाडण्याचा अधिकार घेतला, आणि १९४१ च्या दुसऱ्याने अत्यावश्यक सेवेतली नोकरी परवानगीशिवाय सोडणं गुन्हा ठरवलं.

माणसं शोधायला जनगणना हाताशी घ्याल आणि इथेच मोठा खड्डा आहे. १९४१ ची जनगणना युद्धामुळे आखडती घेतली. व्यवसायांची तपशीलवार कोष्टकं बहुतांशी झालीच नाहीत. म्हणून १९३१ आणि १९५१ यांचीच तुलना करावी लागते, आणि १९५१ मध्ये फाळणीनंतर देवळालीत आलेले सिंधी निर्वासितही मोजलेले आहेत. त्या वाढीला ‘युद्धाचा परिणाम’ म्हणून मोकळं होऊ नका.

म्हणून घरातली कागदपत्रं जास्त उपयोगाची. सैनिकाच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. टपालसंग्राहकांकडे त्या क्रमांकांच्या याद्या असतात. क्रमांक आणि तारीख दोन्ही लावल्याशिवाय जागा ठरवू नका, कारण तोच क्रमांक पलटणीबरोबर फिरायचा. मनिऑर्डरीच्या पावत्या सालवार लावा. त्या घरात जमीन घेतली, लग्न झालं किंवा विहीर खणली ते कुठल्या पैशावर, हे बहुधा तिथेच उलगडतं. पदकं बघा : बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इंडिया सर्व्हिस मेडल. त्यांवर क्रमांक आणि नाव कोरलेलं आहे का, ते भिंगाखाली बघा.

भरती कोणाची झाली हेही विचारा. ‘लढवय्या जाती’ या सरकारी कल्पनेने महारांना सैन्याची दारं पहिल्या महायुद्धानंतर बंद केली होती. माणसं कमी पडू लागली तशी ती उघडली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ते ३५ चा, म्हणजे ज्या पिढीने दार अडवलेलं पाहिलं तिच्यातलीच मुलं सहा वर्षांत गणवेशात होती. जुलै १९४२ पासून डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. सरकार, मालक, कामगार यांची त्रिपक्षीय परिषद, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारी १९४६ ची दुरुस्ती हे त्या खात्याचंच काम. १९४५ मध्ये सुटून आलेल्या सैनिकांसाठी रोजगार विनिमय केंद्रं निघाली, त्यांच्या प्रशिक्षणाच्या सोयीतून १९५० ची कारागीर प्रशिक्षण योजना. सातपूरच्या आयटीआयचं कूळ शोधायला गेलात तर या महायुद्धापाशी पोचता.

तलाठ्याच्या दप्तरातलं युद्ध

भाव चढले की जुनं कर्ज हलकं होतं. १९३८ मध्ये घेतलेले दोनशे रुपये फेडायला तेव्हा जेवढी पोती विकावी लागत, १९४४ मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. ज्याच्याकडे विकायला शिल्लक माल होता त्याने जमीन सोडवली. हे तपासता येतं. एक गाव घ्या, त्याची फेरफार नोंदवही (गाव नमुना ६, जुन्या बोलीत ड-पत्रक) १९३६ ते १९४८ पर्यंत बघा आणि दोनच रकाने भरा : बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) चढला, बोजा उतरला. शोधायचे शब्द ‘गहाण’, ‘मुदत खरेदी’ (ठरल्या मुदतीत परत सोडवायच्या बोलीची विक्री), ‘बोजा कमी’. बारा वर्षांच्या एका मध्यम गावाला दोन-तीन दिवस जातात.

निकाल छान दिसला तरी लगेच छापू नका. मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायदा १९३९ चा आहे, कुळकायदाही त्याच सालचा. काही बोजे महागाईने नाही, कायद्याच्या निवाड्याने उतरलेत. नोंदीत न्यायालयाचा किंवा निवाड्याचा उल्लेख असेल तर तिसरा रकाना करा.

कंट्रोल

खेड्यात अजून रेशनला ‘कंट्रोल’ म्हणतात तो शब्द याच काळातला. मुंबईत शिधावाटप मे १९४३ मध्ये सुरू झालं. प्रौढाला दिवसाला एक पौंड, ४५४ ग्रॅम धान्य हे सरकारच्या धान्य समितीने सुचवलेलं माप. १९४६ मध्ये ते १२ औंसांवर, ३४० ग्रॅमवर आलं. युद्ध संपल्यावर शिधा कमी झाला, ही गोष्ट मुलाखतीत लोक नेमकी उलटी सांगतात.

मुलाखतीला बसताना ‘युद्धात काय झालं?’ असं विचारू नका. उत्तर ‘फार हाल झाले’ एवढंच येतं. सुटे पैसे कसे मिळायचे, लुगडं कुणाच्या सहीवर, कंदील कितीला विझवायचा असं विचारा. नव्वदीतल्या आजीबाईंच्या आठवणीत दोन कंट्रोल मिसळलेले असतात, त्यांना सोडवायची सोपी खूण आहे : लाल मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) किंवा सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा खाऊ) आली की तो १९६५ ते ७२ चा काळ, भोकाचा पैसा आला की १९४३ आणि पुढचा.

हा कंट्रोल गेला का? ज्यांच्या जोरावर तो चालला ते युद्धकाळातले भारत संरक्षण नियम १९४६ मध्ये संपले, आणि त्याच वर्षी ‘तात्पुरते अधिकार’ असं नाव असलेला पुरवठ्याचा कायदा आला. त्याचा १९५५ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायदा झाला. २०१९ च्या सप्टेंबरात कांद्याच्या घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटलची आणि किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटलची साठा मर्यादा घातली, ती याच कायद्याखाली. निर्यातीवरची बंधनंही तशीच : १९४० चे युद्धकालीन नियम, मग १९४७ चा आयात-निर्यात नियंत्रण कायदा, मग १९९२ चा परकीय व्यापार कायदा. डिसेंबर २०२३ मध्ये लासलगावात ज्या निर्यातबंदीवरून लिलाव बंद पडले, तिची आज्जी शोधायला १९४० पर्यंत जावं लागतं.

वाड्यांचंही तसंच. जुन्या नाशकात पाच-दहा रुपये भाड्याची बिऱ्हाडं कशी, असा प्रश्न पडला असेल तर १९४७ चा मुंबई भाडे कायदा बघा. प्रमाण भाडं ठरवताना त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचं भाडं पाया धरलं. युद्धातली गोठवणी पुढे अर्धशतक तशीच राहिली; मालकाने कौलं बदलली नाहीत, कुळाने जागा सोडली नाही, वाडा पावसाने सोडवला. भाडेपावत्या मिळाल्या तर १९४० ची एक आणि १९९० ची एक शेजारी ठेवून फोटो काढा, बाकी काही लिहायची गरज पडत नाही.

आणखी दोन युद्धं, थोडक्यात

हीच रीत १९६२ ला लावा. चीनच्या हल्ल्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले (‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ ते हेच), १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. तिथल्या पहिल्या पिढीचे भरतीचे कागद, प्रशिक्षणार्थींच्या याद्या घरोघरी आहेत. त्याच वेळी सराफ बाजारात उलटं घडलं : जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटवरचे नवे दागिने घडवायला बंदी केली आणि सोनार कारागिरांच्या भट्ट्या विझल्या. एकाच युद्धाने ओझरला टर्नर जन्माला घातला आणि सराफ बाजारातला कारागीर बसवला. दोन्ही घरं शोधा, एकावर थांबू नका.

१९७१ साठी जुनी पाकिटं बघा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या खर्चासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा आकार लागला. कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर निर्वासितांच्या मदतीची अक्षरं वरून छापलेलं तिकीट नाशिकरोडहून गेलं, काही ठिकाणी रबरी शिक्क्यावर भागवलं, आणि १ डिसेंबरला वेगळं तिकीट निघालं. छापील अक्षरं कडेला स्वच्छ असतात, रबरी शिक्क्याची शाई पसरते. शिक्का आणि टपालाची तारीख जुळली तरच तिकीट खरं धरा. त्यासाठी तिकीट पाकिटावरच राहू द्या. पाण्यात भिजवून सोडवलंत की तारीख पाकिटाबरोबर गेली.